अंगठेबहाद्दर

त्यांचं अक्षर वाईट होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविषयी वाईट असं फारसं काही सांगता येणार नाही आणि त्याचा मला आजही त्रास होतो. माझ्या गणिताच्या वह्या मोत्याच्या दाण्यांसारख्या. प्रत्येक पानाला समास, प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा. थोरले साहेब त्या नव्या इंजिनिअरांना नमुना म्हणून दाखवायचे. त्या वाईट अक्षरातल्या वह्या मात्र कुणी कुणाला दाखवत नसे. त्या लोक आपणहून मागून न्यायचे आणि परत द्यायला विसरायचे.

ठाण्याला नौपाड्यात आमचं ऑफिस होतं. आर्किटेक्टनं इमारतीचं चित्र काढायचं आणि तिचे खांब किती जाड, बीममध्ये सळ्या किती आणि कुठून कुठपर्यंत, हे आम्ही ठरवायचं. ऐंशीच्या दशकातले दिवस. मुलुंड सोडलं की कल्याणपर्यंत जिथे बघाल तिथे खडी, वाळू आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. थोरले साहेब म्हणजे ऑफिसचे मालक. त्यांचा मुलगा डॉक्टर होऊन परदेशात गेला होता, तो काही परत येणार नव्हता. तेव्हा साहेब थकले की त्यांची खुर्ची आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार, हे ऑफिसातल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. दोघं म्हणजे ते आणि मी. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, डोंबिवलीला राहणारे. मी वर्तकनगरचा. मला ती खुर्ची हवी होती, अगदी तिच्या रेक्झिनच्या वासासकट. त्यांना ती हवी होती की नाही हे मला कधीच कळलं नाही. ज्याला बक्षीस नकोच आहे अशा माणसाशी शर्यत लावण्यासारखं अपमानास्पद दुसरं काही नसतं.

त्यांची ती अंगठ्याची सवय मी पहिल्याच आठवड्यात पाहिली. मी एका चार मजली इमारतीचं डिझाईन पुरं केलं होतं आणि सगळं कसं चोख बसलं म्हणून खुशीत होतो. ते मागून आले, ड्रॉईंगवर वाकले आणि रस्त्याकडच्या एका खांबावर त्यांनी उजव्या हाताचा अंगठा ठेवला. खांब अंगठ्याखाली दिसेनासा झाला.

"हा गेला," ते म्हणाले. "आता बोल."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"ट्रक आला, धडकला. नाहीतर शेजारच्या स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडाला. कसा का असेना, गेला. वरचे चार मजले काय करतात?"

मी म्हटलं, असा विचार नियमात कुठेच सांगितलेला नाही. तेव्हा ते हसले. त्यांचं हसणं चांगलं होतं, हेही मला आवडत नसे. "अरे, नियम पाळला म्हणजे तू पास झालास. इमारत कुठे पास झाली?"

मग ते आपल्या टेबलाकडे निघून गेले. माझ्या ड्रॉईंगवर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा राहिला होता. बटाट्याच्या भाजीचा.

परदेशात कुठल्याशा उंच इमारतीत एका बाईच्या स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला आणि त्या कोपऱ्यातले सगळे मजले पत्त्यांसारखे एकावर एक बसले, असं त्यांनी कॉलेजात असताना एका मासिकात वाचलं होतं. ते त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. स्फोट लहान होता, पडझड एवढी मोठी का, हा त्यांचा प्रश्न. "लहान अपघाताला लहान नुकसान व्हावं. एवढीच माझी मागणी आहे," असं ते म्हणायचे, जणू एखाद्या सरकारी खात्याकडे अर्ज केला आहे. आणि दुसरी मागणी अशी, की इमारत पडायचीच असेल तर तिनं सावकाश पडावं. माणसं जिन्यानं खाली येईपर्यंत तिनं दम धरावा.

या दुसऱ्या मागणीपायी ते काय काय करायचे! कुठल्याही इमारतीत गेले की उतरताना घड्याळ लावायचे. बरं, स्वतःच्या चालीनं उतरतील तर शपथ. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, "आई गं" करत, गुडघे दुखणाऱ्या आजीच्या चालीनं. वर्तकनगरात आमच्या बिल्डिंगमध्ये ते असे उतरत होते तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी धावत येऊन त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्यायले, आभार मानले आणि पाणी प्यायला लागलेला वेळ वजा केला.

असल्या वेड्या माणसाला लोक हसतील की नाही? हसायचे. पण हसून झालं की त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. माझ्याजवळ कुणी बसत नसे. मी विनोद केले तर लोक घड्याळ बघायचे.

म्हणून मी त्यांचं नाव ठेवलं: अंगठेबहाद्दर. दुपारच्या चहाला, ते जागेवर नाहीत असं बघून. एम.टेक. झालेल्या माणसाला अंगठेबहाद्दर म्हणायचं, ज्याला सही करता येत नाही म्हणून अंगठा उठवतो तसला. सगळे फिसकन हसले. मला आठवडाभर बरं वाटलं. पण नाव ऑफिसातून साईटवर गेलं आणि तिथे त्याचा अर्थच फिरला. सळ्या बांधणारे फिटर, गवंडी, सेंट्रिंगवाले त्यांना 'अंगठेवाले साहेब' म्हणायला लागले. 'अंगठेवाल्या साहेबांनी बघितलंय' म्हणजे काम पक्कं. मी चिखल फेकला होता. लोकांनी त्याचा गुलाल करून त्यांच्याच अंगावर टाकला.

आता त्या डब्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते खराट्याच्या काड्या घेऊन आले. दोन सांगाडे बांधले. दोन्हींना तीन-तीन पायांच्या दोन रांगा, वर आडव्या काड्या, दोरा गुंडाळून घट्ट केलेले सांधे. दिसायला अगदी सारखे. एकावर त्यांनी आपला डबा ठेवला, दुसऱ्यावर माझा.

"हा माझा, हा तुझा," ते म्हणाले.

"फरक काय?" मी विचारलं.

"बघ ना."

त्यांनी कात्रीनं आपल्या सांगाड्याच्या एका रांगेतला मधला पाय कापला. वरची काडी वाकली, डबा तिरका झाला, पण राहिला. मग माझ्या सांगाड्याचा तोच पाय कापला. काडी त्या जागी उघडली आणि माझी आमटी माझ्याच पँटवर. सगळं ऑफिस टाळ्या पिटत होतं. मीही हसलो. त्या हसण्याला मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत.

फरक एवढाच होता की त्यांच्या सांगाड्यात आडवी काडी मधल्या पायावरून सलग गेली होती. माझ्यात ती पायापाशी संपत होती आणि पुढे दुसरी सुरू होत होती. बीमच्या तळाशी ज्या सळ्या असतात त्यांचंही असंच आहे. खांब जागेवर असतो तोवर खांबापाशी बीमचा वरचा भाग ताणला जातो, म्हणून वरच्या सळ्या खांबावरून सलग नेतात. तळाच्या सळ्यांना तिथे काम नसतं. त्या खांबात थोड्या शिरल्या की पुरे, असं नियम सांगतो आणि तेव्हाचे सगळे इंजिनिअर तसंच करायचे. पण मधला खांबच गेला, तर तिथेच बीमचं पोट ताणलं जातं. तळाची सळई तिथे तुटक असेल तर पोट फाटलंच.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक ड्रॉईंगमध्ये तळाच्या सळ्या सलग. बिल्डर कुरकुरायचे, थोरले साहेब त्यांची समजूत घालायचे. मी मात्र तळाची सळई नियमाप्रमाणे खांबापाशी तोडायचो. पटत नव्हतं म्हणून नव्हे. पँटवर आमटी सांडली त्याच दिवशी पटलं होतं. पण त्यांचं त्यांनी करावं, माझं मी. त्यांच्यासारखं करायला लागलो असतो तर मी त्यांचा चेला झालो असतो.

घरीसुद्धा सुटका नव्हती. नव्या जागेत आम्ही सत्यनारायण घातला. सगळं ऑफिस आलं होतं. ते पूजेसमोर बसले, चौरंगाच्या चार कोपऱ्यांना बांधलेले केळीचे खुंट न्याहाळत राहिले. कथा संपून आरती सुरू व्हायच्या आत त्यांनी हात लांब करून एका खुंटासमोर अंगठा धरला.

"गुरुजी, हा गेला तर?"

गुरुजी म्हातारे होते, पण मिश्कील. म्हणाले, "यजमानांनी धरावा." आणि खरोखरच पुढच्या क्षणी तो खुंट कलंडला, कारण मीच तो घाईत सुतळीच्या एका फेऱ्यानं बांधला होता. मी आरतीभर एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात केळीचा खुंट धरून उभा. माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना ती म्हणाली, "किती छान आहेत हो ते. तुम्ही त्यांच्याबद्दल असं का बोलता?"

"कसं बोलतो?"

"दात आवळून."

मी अंगात कणकण आहे म्हणून झोपायला गेलो.

पुढे कोलशेतला एका रसायनांच्या कारखान्याचं काम आलं. तिथे रिअॅक्टरजवळ नियंत्रण कक्ष बांधायचा होता, स्फोट झाला तरी आतली माणसं वाचतील असा. साहजिकच ते काम त्यांच्याकडे गेलं. महिनोन् महिने ते कोलशेतला. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, भिंती भरपूर जाड करा. ते म्हणाले, जाड नकोत, वाकतील अशा करू. धक्का बसला की भिंतीनं हट्ट करायचा नाही, थोडं मागे सरून तो पचवायचा. मॅनेजरला ते इतकं आवडलं की तो ज्याला त्याला सांगत सुटला. थोरले साहेबही सांगायला लागले. मी नियंत्रण कक्षाच्या ड्रॉईंगमध्ये चूक सापडते का म्हणून दोन दिवस घालवले. एक स्पेलिंग सापडलं.

ते कोलशेतला अडकले म्हणून डोंबिवलीच्या एका इमारतीची फाईल माझ्याकडे आली. कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाली मोकळा तळमजला गाड्या लावायला, वर चार मजले. डिझाईन त्यांनी पुरं करत आणलं होतं, प्रती काढायचा पारदर्शक कागद, म्हणजे ट्रेसिंग, तयार होतं. थोरले साहेब म्हणाले, "तुम्ही एकदा नजर टाका आणि सही करून द्या."

मी नजर टाकली. रस्त्याकडच्या रांगेतल्या मधल्या खांबावरून तळाच्या सळ्या सलग गेल्या होत्या, डौलात. ते ड्रॉईंग माझ्या सहीनं जाणार होतं, पण ज्याला समजतं त्याला एका नजरेत कळलं असतं की हे त्यांचं आहे. तेवढी एक रेघ त्यांची सही होती. मी ब्लेड घेतलं आणि सगळ्या मजल्यांवर ती खांबापाशी खरवडून काढली. नियमात बसत होतं. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. बिल्डरनं मागणी केली नव्हती, साहेबांनी सांगितलं नव्हतं. मी ते निव्वळ मत्सरापोटी केलं, आणि करताना मला आनंद झाला. मग खाली माझ्या सुंदर अक्षरात सही केली.

पाच एक वर्षांनी एका दुपारी ऑफिसात फोन आला. डोंबिवलीच्या त्या इमारतीत टँकर घुसला होता. रिक्षाला वाचवायला ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवलं आणि टँकर थेट मोकळ्या तळमजल्यात. मधला खांब गेला.

थोरल्या साहेबांनी विचारलं, "ड्रॉईंग कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो. आम्ही गाडीनं निघालो. कळवा, मुंब्रा, शीळफाटा, सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर चार मजल्यांचा ढिगारा होता आणि त्यावर माझी सही. किती बिऱ्हाडं असतील, दुपारी घरात कोण कोण असतं, बायका, म्हातारी माणसं, शाळेतून आलेली पोरं, हेच डोक्यात.

आम्ही पोचलो तर इमारत उभी होती.

उभी म्हणजे, मधोमध वीतभर खाली आलेली. काचा फुटलेल्या, भिंतींना तिरक्या भेगा, दोन मजल्यांची दारं अडकलेली. पण उभी. सगळी माणसं रस्त्यावर. टँकरच्या ड्रायव्हरचा पाय मोडला होता, बाकी कुणाला खरचटलंही नव्हतं. अग्निशमन दलाचे लोक खाली लोखंडी टेकू लावत होते. मी वाकून वर पाहिलं. खांबाचं डोकं उडालं होतं, प्लास्टर गळून पडलं होतं आणि बीमच्या पोटातून तळाच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. सलग. या बाजूची सळई त्या बाजूला पार गेलेली, एकमेकींवर चांगल्या लांब चढवलेल्या, दुहेरी तारेनं बांधलेल्या. मी तीनदा मोजल्या. माझ्या ड्रॉईंगमध्ये त्या नव्हत्या.

तेवढ्यात ते आले. रजेवर होते, घरून चालत आले असावेत. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे पाहून मान हलवली, चांगलं झालं अशी. मग वळून फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंपाशी गेले.

"आजी, कितव्या मजल्यावर तुम्ही?"

"तिसऱ्या."

"खाली यायला किती वेळ लागला?"

"अहो, आधी गॅस बंद केला. मग देव घेतले पदरात. मग कुलूप सापडेना. ते सापडल्यावर उतरले की!"

त्यांनी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं: गॅस, देव, कुलूप, जिना. आजी त्यांच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होत्या.

त्या दिवसानंतर मी मोठा झालो. स्थानिक साप्ताहिकात माझं नाव छापून आलं. ड्रॉईंगवर सही माझी, तेव्हा नाव माझंच येणार. मला वाटलं, बांधणाऱ्याच्या हातून चुकून सळई लांब गेली असेल, आणि चूक माझ्या पथ्यावर पडली. मी गप्प राहिलो. कुणी कौतुक केलं की म्हणायचो, "आपलं कर्तव्यच आहे ते." दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते खरं वाटायला लागलं.

इमारत दुरुस्त होऊन माणसं परत राहायला गेली, तेव्हा सोसायटीनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, बटाटेवडे. त्याच सभेत थोरल्या साहेबांनी जाहीर केलं की येत्या पाडव्यापासून ऑफिस मी सांभाळणार. टाळ्या झाल्या. ते तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मनापासून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या टाळ्यांत मला काही खोट सापडेना. ती सापडली असती तर माझं सुख पुरं झालं असतं.

वडे खाताना तांडेल जवळ आला. तांडेल म्हणजे त्या इमारतीच्या सळ्या बांधणारा मुकादम. कोलशेतच्या खाडीकाठचा कोळी. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तशी त्यानं होडी विकली आणि सळ्या वाकवायला लागला. त्याच्या गाठी सुटत नसत अशी त्याची ख्याती.

"साहेब, तुमाना एक सांगाचा होता," तो म्हणाला. "तवा तुमची प्रिंट आली ना, त्यान खालची सळई खांबाशी तुटलेली. मी बोललो, असा कसा? अंगठेवाल्या साहेबाच्या हापिसान असा नाय होनार. अमोनियाची प्रिंट ती, रेघ उडली असल."

तेव्हा ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेवर निळ्या रेघांच्या प्रती काढायचे. त्यात रेघा पुसट व्हायच्या, कधी गायब व्हायच्या. साईटवरच्या लोकांना ते सवयीचं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मंग त्ये साहेब आलते आयतवारी, फिराला. त्यांना दावली प्रिंट. खूप येल बघत ऱ्हायले. मना बोलले, 'तांडेल, बरोबर बोलतोस तू. छापताना राहिलंय. सळई सलग ने.' मंग नेली." तो खूश होऊन हसला. "वाचली का नाय मानसं?"

म्हणजे माझी इमारत मी वाचवली नव्हती. कुणाच्या चुकीनंही ती वाचली नव्हती. एका कोळ्यानं माझ्या ड्रॉईंगवर विश्वास ठेवला नाही, कारण त्याचा त्यांच्यावर विश्वास होता, म्हणून ती वाचली. आणि त्यांना पाच वर्षं सगळं माहीत होतं. मी शाल खांद्यावर घेऊन तिथे उभा होतो आणि मला तिचा भार सोसवत नव्हता.

पुढच्या रविवारी मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. मला पाहून म्हणाले, "ये रे, बस. चहा टाकायला सांगतो."

मी उभाच राहिलो. "प्रिंटमध्ये काही राहिलं नव्हतं. मी ट्रेसिंगवरून ती रेघ खरवडली होती."

"माहीत आहे. खरवडलेली जागा प्रिंटमध्ये ढगाळ दिसते. मला लगेच कळलं."

"मग मला का विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं त्यात?" त्यांनी एक जुडी सोडली. "फाईल मध्येच तुझ्या गळ्यात पडली. गडबडीत चूक कुणाचीही होते. तुला चारचौघांत कशाला खजील करायचं? सळई टाकली, विषय संपला. बस ना, घे थोडी निवडायला."

तिथेच मी थांबायला हवं होतं. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. पण त्यांच्या हातून चूक म्हणून माफ होणं मला सहन झालं नाही. गाफील ठरण्यापेक्षा दुष्ट ठरलेलं परवडलं, असं मला त्या क्षणी वाटलं. निदान त्यांनी एकदा तरी मला मोजावं.

"चूक नव्हती," मी म्हणालो. "मी मुद्दाम खोडली. तुमच्यावर जळून. त्या ड्रॉईंगवर तुमचं काही दिसायला नको होतं मला."

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. "माझ्यावर? माझ्यावर जळण्यासारखं काय आहे?"

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं तळाची सळई तू तोडत आलास. मी समजत होतो, तुला माझं म्हणणं पटत नाही. न पटणं वेगळं. पण तुला माहीत होतं? खांब गेला तर तिथे काय होईल, हे माहीत असून तू ती रेघ काढलीस?"

"हो."

"वर माणसं राहणार, हेही?"

"हो."

त्यांनी मेथीची देठं गोळा केली, वर्तमानपत्राची घडी केली आणि आत गेले. चहा त्यांच्या बायकोनं आणून दिला. तो मी एकट्यानं प्यायलो आणि निघालो.

पाडव्याला मी खुर्चीत बसलो. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास केबिनच्या दारावर टकटक झाली. ते ड्रॉईंगची गुंडाळी घेऊन दारात उभे होते.

"येऊ का साहेब?"

मला वाटलं थट्टा करताहेत. "अहो, हे काय? या ना, बसा."

"नको. आपण बघून घ्या. बरोबर वाटलं तर सही करा." गुंडाळी टेबलावर ठेवून ते निघून गेले.

ते निवृत्त होईपर्यंत सात वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. त्या गोष्टीबद्दल त्यांनी थोरल्या साहेबांना सांगितलं नाही, ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, तांडेललासुद्धा नाही. माझ्या हाताखाली त्यांनी चोख काम केलं. मी तळाच्या सळ्या सलग न्यायला लागलो, सगळ्या ऑफिसला तसा नियमच घालून दिला. त्यावरही त्यांनी एकदा "आपण योग्य केलंत," एवढंच म्हटलं. कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही. फक्त मला पुन्हा कधी 'अरे' म्हटलं नाही.

केबिनच्या काचेतून मला बाहेरचं सगळं दिसायचं. ड्रॉईंगं शाईनं गिरवणारा आमचा ट्रेसर दोन पोरांचा बाप होता, पण ते त्याला भर ऑफिसात ओरडायचे, "अरे गाढवा, इकडे ये, हे काय काढून ठेवलंयस?" तो डोकं खाजवत, हसत त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचा आणि दोघं एकाच कागदावर वाकायचे. खुर्ची माझी होती, ऑफिस माझं होतं, साप्ताहिकाचं कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. आणि मी त्या ट्रेसरवर जळत होतो.

एकदा मी एका जिन्याच्या डिझाईनमध्ये मुद्दाम ढोबळ चूक ठेवली. पहिल्या वर्षाच्या पोरालाही समजावी अशी. ते ड्रॉईंग तपासायला म्हणून त्यांच्याकडे पाठवलं आणि वाट बघत बसलो. अर्ध्या तासानं ते आले. कागद माझ्यासमोर पसरला, चुकीच्या जागी पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"साहेब," ते म्हणाले, "आपल्या नजरेतून एवढं सुटलेलं दिसतंय."

आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.